ढकलायचं नाही, ओढायचं

वॉशिंग्टन राज्याच्या नैऋत्येकडच्या या छोट्या गावात आम्ही राहायला आलो, त्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर माझ्या शेजारी ओंडक्यांनी भरलेला ट्रक येऊन थांबला. डग्लस फरचे सालीसकट ओंडके, ताज्या डिंकाचा वास, आणि कापलेल्या तोंडांवर हातोड्याने उठवलेली छाप. मी पेट्रोल भरायचं सोडून त्या छापेकडेच बघत राहिले. माझं बालपण बल्लारपूरचं. बाबा वनखात्यात, लाकूड डेपोवर. सागवानाच्या लठ्ठ्यांवर त्यांना हातोडा मारताना बघतच मी मोठी झाले. इतक्या दूर, समुद्रापलीकडे, लाकडाला छाप मारायची तीच रीत बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

त्या ट्रकवाल्याला मी छापेबद्दल विचारलं. त्याने सांगितलं ते असं: पूर्वी ओंडके नदीतून आणि खाडीतून तरंगत गिरणीला जायचे, सगळ्यांचा माल एकाच पाण्यात. कोणाचा कुठला हे कळावं म्हणून प्रत्येक मालकाची खूण राज्याकडे नोंदवलेली असे. जाता जाता तो म्हणाला, "एवढी आवड आहे तर ऑक्टोबरमध्ये मीटिंगला ये. उत्सवाला माणसं कमी पडतात."

उत्सव म्हणजे इथल्या लॉगर लोकांचा, लाकूडतोडीवर जगलेल्या गावाचा. दर उन्हाळ्यात दोन दिवस. कुऱ्हाडी आणि करवतींच्या स्पर्धा, मिरवणूक, जुन्या यंत्रांचं प्रदर्शन. या भागात असे उत्सव बऱ्याच गावांतून होतात, काही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. मला वाटायचं, गंमतजत्रा असेल. मीटिंगला गेले तर अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत बारा-तेरा माणसं, त्यातली बहुतेक सत्तरीच्या पुढची, विम्याच्या कागदांवर डोकं घालून बसलेली. गावाचा मुख्य रस्ता हाच राज्य महामार्ग आहे, म्हणून मिरवणुकीसाठी राज्याच्या वाहतूक खात्याची परवानगी लागते. स्पर्धकांची हमीपत्रं, रुग्णवाहिका, आगीचा बंब, फिरती स्वच्छतागृहं, स्वयंसेवकांच्या पाळ्या. पहिले तीन महिने मी या कागदांतच होते, आणि त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते लाकडाबद्दल.

स्पर्धेचं लाकूड जमवणं हे या सगळ्यातलं सर्वांत नाजूक काम. बघणाऱ्याला वाटतं, ठेवला ठोकळा आणि हाणली कुऱ्हाड. पण दोन स्पर्धकांपैकी एकाच्या ठोकळ्यात गाठ निघाली आणि दुसऱ्याच्या नाही, तर ती स्पर्धा राहत नाही, लॉटरी होते. म्हणून ठोकळे शक्यतो एकाच झाडाच्या लागोपाठच्या तुकड्यांतून काढतात, लेथवर फिरवून सारख्या जाडीचे करतात, आणि कोणाला कुठला ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. आम्ही कॉटनवूड घेतलं, मऊ आणि सरळ रेषांचं. ते सुकता कामा नये. सुकलं की तडकतं, आणि कुऱ्हाड आत शिरायच्या ऐवजी उसळी मारते. उत्सवाच्या आधीचे दहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ मैदानावर जाऊन ठोकळ्यांवरची पोती भिजवत होते. सहाव्या दिवशी बघते तर कोणीतरी दुसऱ्या कामासाठी नळी काढून नेलेली, आणि टोकाचे चार ठोकळे उन्हात उघडे. दोघांना केसाएवढी चीर पडली होती. मी ती नखाने चाचपली आणि पोटात गोळा आला. ते दोन बाद करून राखीवातले घेतले. त्या दिवसापासून नळीला कुलूप.

ठोकळ्यांच्या कामातूनच करवतवाल्या आजोबांची ओळख झाली. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांना आवडणार नाही. वय पंच्याऐंशी. त्यांचे वडील जंगलात झाडं पाडायचे, हे स्वतः कॅम्पवर करवतींना धार लावायला शिकले. दोन माणसांनी दोन टोकांना धरून ओढायच्या त्या लांब करवतीला इथले लोक 'मिझरी व्हिप' म्हणत, हालअपेष्टांचा चाबूक. आजोबांच्या शेडमध्ये तशा नऊ करवती भिंतीवर टांगलेल्या आहेत, तेल लावून, कागदात गुंडाळून.

त्यांनी एक उतरवून माझ्या हाताला दात दाखवले. सगळे दात कापत नाहीत. काही दात लाकडाचे तंतू दोन्ही बाजूंनी तोडतात, आणि त्यांच्यामध्ये बसलेले वेगळ्या आकाराचे दात तुटलेलं लाकूड खरवडून बाहेर ओढतात. हे खरवडणारे दात कापणाऱ्या दातांपेक्षा किंचित बुटके असावे लागतात, इतके किंचित की डोळ्याला कळत नाही, मापाची पट्टी लावून बघावं लागतं. जास्त उंच राहिले तर करवत अडकते, जास्त बुटके झाले तर नुसती घासत राहते. "धार बरोबर लागली का ते दाताकडे बघून सांगू नकोस," आजोबा म्हणाले, "खाली काय पडतं ते बघ."

मग त्यांनी मला समोरच्या टोकाला उभं केलं. मी जोर लावून ढकलायला लागले आणि पातं वाकून थरथरलं. ते थांबले. "ढकलायचं नाही. ओढायचं, आणि मग सोडून द्यायचं. तुझं काम फक्त तुझ्याकडे ओढण्याचं. परत नेणं समोरच्याचं काम आहे." चार-पाच खेपांनंतर हाताला लय सापडली, करवत गायला लागली, खरोखर एक सूर निघतो. खाली भुसा पडत नव्हता. लांब लांब, वळलेल्या, ओल्या पट्ट्या पडत होत्या, शेवयांसारख्या. मी एक उचलली, वीतभर लांब होती. आजोबांनी ती माझ्या हातातून घेऊन प्रकाशात धरली, मान डोलावली आणि खिशात घातली.

रात्री बाबांना फोन केला. त्यांना करवतीपेक्षा मोजमापात रस. "घेर कुठं धरतात तिकडं? मधी का बुडाशी?" मी सांगितलं, घेर धरतच नाहीत. बारक्या टोकाचा व्यास घेतात, सालीच्या आतला, आणि तक्ता बघून बोर्ड फूट काढतात. एक बोर्ड फूट म्हणजे बारा इंच लांब, बारा इंच रुंद आणि एक इंच जाड फळी. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बारक्या टोकाचा काहून? मग बुडाकडचं फुगीर लाकूड गिरणीवाल्याले फुकट गेलं की." हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी आजोबांना विचारला, तर ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, इथले लॉगर शंभर वर्षं हेच म्हणतायत."

जानेवारीत माझ्याकडे वारशाचा तंबू आला. म्हणजे जुने फोटो, हत्यारं आणि माहितीचे फलक. आजपर्यंत तो एका शिक्षिकेकडे असायचा, तिची तब्येत बिघडली. तिने चार खोकी दिली आणि सांगितलं, "फलक जुने झालेत, नवे कर." मी वाचायला बसले आणि हळूहळू मला या जंगलाचा आवाका कळायला लागला.

जिथे हेन्री येस्लरने १८५३ मध्ये वाफेवरची लाकूड गिरणी टाकली, ते सिॲटल तेव्हा जेमतेम वस्ती होतं. टेकडीवरून गिरणीपर्यंत ओंडके घसरवत आणायचे, म्हणून त्या वाटेला स्किड रोड म्हणत. पुढे १८८१ मध्ये कॅलिफोर्नियात जॉन डॉल्बीअरने वाफेवर चालणारा रहाट बनवला, त्याला डाँकी म्हणायचे, आणि जे काम बैलांच्या जोड्या करत होत्या ते दोरखंडाने व्हायला लागलं. १९०० साली फ्रेडरिक वायरहाउझर या लाकूड व्यापाऱ्याने आणि त्याच्या भागीदारांनी रेल्वे कंपनीकडून या राज्यातलं ९ लाख एकर जंगल घेतलं, एकरी ६ डॉलरने. १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला आणि ते शहर पुन्हा उभं करायला लाकूड इथून गेलं. १९०५ च्या सुमारास देशात सर्वांत जास्त लाकूड कापणारं राज्य वॉशिंग्टन होतं. आणि यातल्या बहुतेक गोष्टींच्या आधी, १८५४-५५ च्या करारांनी, या राज्यातली बरीचशी जमीन इथल्या मूळ जमातींकडून काढून घेतलेली होती. त्यांच्यासाठी सीडरचं झाड म्हणजे घर, होडी, टोपली आणि कपडा.

फोटोंमध्ये एक मला फार आवडला. एका प्रचंड सीडरच्या बुंध्यावर जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर दोन माणसं फळ्यांवर उभी आहेत. बुंधा तळाशी फुगीर असतो, काही झाडांत डिंकाने भरलेलाही, तिथे करवत नीट चालत नाही. म्हणून वर चढायचं: बुंध्यात खाच पाडायची, तिच्यात लोखंडी टोकाची फळी अडकवायची, तिच्यावर उभं राहून वरची खाच पाडायची. आमच्या घरामागच्या जंगलात तसे खुंट अजून आहेत. सीडर लवकर कुजत नाही. एकदा पावसात मी अशा एका खुंटाच्या खाचेत हात घातला. आत शेवाळ, आणि शेवाळाखाली कुऱ्हाडीने कापलेली सपाट कड, अजून धारदार. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी तिथे फळी अडकवून आयुष्य तोललं होतं.

त्या चार खोक्यांत मात्र सगळे चेहरे एकाच रंगाचे होते. स्वीडिश, फिनिश, नॉर्वेजियन, त्यांची नावं, त्यांची गावं, सगळं होतं. पण मला एवढं माहीत होतं की या किनाऱ्यावरच्या गिरण्यांमध्ये शंभर वर्षांपूर्वी पंजाबी माणसंही होती. बेलिंगहॅम इथून गाडीने काही तासांवर. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री तिथे शेकडो गोऱ्या माणसांचा जमाव गिरणी कामगारांच्या खोल्यांवर चालून गेला. मारहाण, लूट, सामान रस्त्यावर. वर्तमानपत्रं त्यांना सरसकट 'हिंदू' म्हणत होती, प्रत्यक्षात बहुतेक जण शीख होते. अनेकांना त्या रात्री नगरभवनाच्या तळघरात ठेवलं, आणि थोड्याच दिवसांत सगळे गाव सोडून गेले.

आणि कोलंबिया नदीच्या मुखाशी, ऑरेगनमधल्या ॲस्टोरियात, गिरणीला लागून पंजाबी मजुरांची वस्ती होती. १९१३ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या गदर पक्षाची स्थापना झाली ती त्याच गावात. पहिले अध्यक्ष सोहनसिंग भकना पोर्टलंडला लाकूड गिरणीत मजुरी करत होते. आणि या माणसांना संघटित करणाऱ्यांत आपले वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते, त्या काळात शेतकी शिकायला अमेरिकेत आलेले. पुढे ते मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम करून नावाजले, आणि शेवटी नागपूरला परत आले. शाळेत त्यांचं नाव ऐकलेलं होतं. ते या करवतींच्या, या भुशाच्या वासात वावरलेले आहेत, हे मला इथे खोकी उपसताना कळलं. मी तशीच बसून राहिले. बाबांनासुद्धा माहीत नव्हतं.

मी फलक लिहिला आणि मार्चच्या मीटिंगला ठेवला. एक सदस्य, अतिशय भला माणूस, मिरवणुकीचं सगळं तोच बघतो, म्हणाला, "हे खरं असेल. पण लोक मुलांना घेऊन येतात. उत्सवात दुःखाचं कशाला?" खोलीत शांतता झाली. माझे कान तापले. मला वाटलं, आपण नवीन, पाहुणे, गप्प बसावं. पण मी म्हणाले, "ही माणसं पाहुणी नव्हती. याच लाकडावर त्यांचा घाम पडलाय."

तेव्हा अध्यक्षबाई बोलल्या. त्यांचा भाऊ जंगलात गेला, वर अडकलेली मोडकी फांदी डोक्यात पडून. अशा फांदीला इथे 'विडो मेकर' म्हणतात. लाकूडतोड आजही या देशातल्या सर्वांत जीवघेण्या कामांत मोजली जाते. त्या म्हणाल्या, "रविवारी सकाळी आपण घंटा वाजवून मेलेल्यांची नावं वाचतो. तेही दुःखच आहे. ते वाचल्याशिवाय मी या मैदानात पाऊल टाकणार नाही. मग यांचं का नको?" हात वर झाले. त्या सदस्याचा हातही वर गेला, थोडा उशिरा, पण गेला. नंतर त्याने स्वतःच्या सुतारशाळेत त्या फलकाची चौकट करून दिली, सीडरची, आणि पैसे घेतले नाहीत.

अजून एक फलक लिहिताना मला झोप लागली नाही. घुबडाचा. १९९० मध्ये ठिपकेवाल्या घुबडाला धोक्यातल्या प्रजातींचं कायदेशीर संरक्षण मिळालं, १९९४ मध्ये केंद्र सरकारच्या जंगलांसाठी नवी योजना आली आणि तोड एकदम खाली आली. इथे अनेक घरांत अजूनही त्या घुबडाचं नाव जपून काढावं लागतं. गिरण्या बंद पडल्या, तरुण निघून गेले. त्यात यंत्रांनी माणसं कमी केली आणि कच्चे ओंडके परदेशी गेले हेही होतं, पण दुखरी जागा घुबडाची. जुनं जंगल वाचायला हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि पन्नाशीच्या माणसाला एका सकाळी हातातलं कसब निरुपयोगी आहे असं सांगितलं गेलं, हेही तितकंच खरं. मी दोन्ही लिहिलं. आजोबांना वाचून दाखवलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शेवटच्या ओळीत 'बेरोजगार' लिहू नकोस. 'धार लावणारा' लिही. मी तोच होतो." मी ते बदललं.

शनिवार उजाडला. पहाटे पाचला मैदानावर धुकं होतं. मला वेळ मोजायचं काम. प्रत्येक रांगेला दोन घड्याळं, दोघांनी एकमेकांच्या घड्याळात डोकवायचं नाही. खांबावर चढण्याची स्पर्धा मी पहिल्यांदा जवळून बघितली. पायाला लोखंडी काटे, कमरेभोवती दोर, आणि माणूस साठ फूट वर पळत गेल्यासारखा जातो. पूर्वी जंगलात एक माणूस असाच दीड-दोनशे फुटांवर चढून झाडाचा शेंडा उडवायचा, कारण त्या उभ्या खोडालाच पुढे कप्प्या आणि दोर बांधून ओंडके ओढायचे असत. उतरताना ठरावीक खुणांपाशी काटा टेकला नाही तर बाद. एका मुलाला मी बाद दिलं. त्याची आई माझ्याकडे आली, मला वाटलं भांडेल. म्हणाली, "बरं केलंस. त्याचे आजोबा पडूनच गेले."

फेरफार केलेल्या इंजिनांच्या करवतींच्या वेळी अख्खं मैदान थरथरतं. एक काप खाली, एक वर, पुन्हा एक खाली, काही सेकंदांत तीन चकत्या. लोकांना तेच आवडतं. मला मात्र त्यानंतरची शांतता आवडली, जेव्हा दोन जणांच्या हातकरवतीची फेरी सुरू झाली. बायका, नवरा-बायको, बाप-लेक. माझ्या समोरच्या रांगेत एक साठीची जोडी होती. ती दोघं मधेच अडली, पातं वाकलं, आणि बाई ओरडली, "सोड! सोड!" त्याने सोडलं, आणि करवत पुन्हा गायला लागली. घड्याळ दाबताना मी वेळ बघण्याआधी खाली बघितलं. शेवया पडल्या होत्या.

दुपारी तंबूत गेले. गर्दी हत्यारांपाशी होती, मुलं छापेच्या हातोड्याने लाकडाच्या चकतीवर ठसे मारत होती. माझ्या फलकापाशी एक वृद्ध सरदारजी आणि त्यांची नात उभी होती. सिॲटलच्या दक्षिणेकडून आले होते, शर्यती बघायला. नात इंग्रजीतून वाचून त्यांना पंजाबीत सांगत होती. त्यांनी खाली वाकून चौकटीच्या लाकडावर बोट फिरवलं, आणि मला हिंदीत विचारलं, "ये किसने लगाया?" मी म्हटलं, "गाँव ने।" ते काही बोलले नाहीत. नातीने चकतीवर हातोडा मारला, पहिल्या फटक्यात ठसा अर्धाच उठला. त्यांनी तिचा हात धरून दुसरा मारला.

रविवारी सकाळी घंटा झाली. अध्यक्षबाईंनी नावं वाचली, प्रत्येक नावानंतर एक टोला. जिल्ह्यातली सगळी नावं संपल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि ज्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांच्यासाठी." एक टोला. हे आधी ठरलेलं नव्हतं. माझ्या शेजारी आजोबांनी टोपी काढलेली होती, ती त्यांनी पुन्हा घातली नाही.

आवराआवर रात्री नऊपर्यंत चालली. दोर गुंडाळणं, पोती वाळत घालणं, भुसा भरून शेतकऱ्याच्या गाडीत टाकणं. फलक दरवर्षी उत्सवाच्या शेडमध्ये जातात, पण चौकट करून देणारा तो सदस्य माझा फलक काखेत धरून उभा होता. म्हणाला, वाचनालयाशी बोलून झालंय, तिथे भिंत आहे, उद्या सकाळी खिळे घेऊन येतो. वरची कड सरळ आहे का ते बघायला कोणीतरी हवं, दहाला येशील का. मी म्हटलं, येते.